०२५३ पुन्हा वाजेपर्यंत

नाशिकमध्ये इंदिरानगरच्या घरातली आमची तांब्याच्या तारेवरची लँडलाइन या जूनमध्ये फायबरवर गेली. नंबर तोच राहिला, ०२५३चा. तो राहावा म्हणूनच सगळी धडपड होती, कारण निम्म्या नातेवाइकांना दुसरा नंबर पाठच नाही. पण फायबरच्या डब्याला फोनचं पोर्ट नव्हतं, त्यामुळे वेगळा अडॅप्टर लावावा लागला: तळहाताएवढा डबा, एका बाजूला इंटरनेटची केबल, दुसऱ्या बाजूला साधा फोन. १२ जूनला तो जोडला आणि २८ जूनला खात्रीने चालू लागला. मधल्या सोळा दिवसांत एकामागून एक वेगवेगळी कारणं निघाली. बाहेरून मात्र बहुतेक वेळा लक्षण एकच दिसत होतं, फोनचा दिवा लागत नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहे.

३ जूनला अर्ज दिला. सोबत आधारची प्रत, शेवटच्या बिलाची प्रत आणि एक फोटो. ११ जूनला कंपनीचा माणूस आला, त्याने फायबर ओढली आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून दिल्या: सर्व्हरचं नाव, युजर आयडी, पासवर्ड. एवढ्यावर भागत नाही. आउटबाउंड प्रॉक्सी (निरोप ज्याच्यामार्फत जातात तो मधला सर्व्हर) वेगळा आहे का, ऑथेंटिकेशन आयडी (पासवर्डबरोबर तपासला जाणारा आयडी) युजर आयडीपेक्षा निराळा आहे का, आणि सर्व्हरशी बोलणं यूडीपी, टीसीपी की टीएलएस यांपैकी कुठल्या पद्धतीने व सर्व्हरच्या कुठल्या क्रमांकाच्या पोर्टवर, हेही लागतं. माणूस घरात असतानाच त्याच्याकडून ऑफिसला फोन लावून हे उतरवून घ्या. तो एकदा गेला की प्रत्येक प्रश्नाला दोन दिवस जातात. आमचे गेले.

अडॅप्टर एमजी रोडवर ३,१०० रुपयांना मिळाला. घेताना दोन गोष्टी बघायच्या. फोन लावायचं पोर्ट 'एफएक्सएस' हवं; 'एफएक्सओ' हे एक्स्चेंजकडून येणारी लाइन घेण्यासाठी असतं, त्याला फोन लावला तर काहीच होत नाही. दुसरं म्हणजे डबा लॉक केलेला नको. स्वस्तात मिळणारे वापरलेले अडॅप्टर बऱ्याचदा परदेशातल्या एखाद्या सेवेला बांधलेले असतात, त्यात आपला सर्व्हर भरताच येत नाही.

जोडण्याआधीचं एक काम अजिबात टाळू नका. अडॅप्टरमधून घरातल्या जुन्या वायरिंगला लाइन द्यायची असेल, तर बाहेरून आलेली तांब्याची ड्रॉप वायर रोझेटमधून (भिंतीवरच्या फोनच्या डबीतून) सोडवून तिच्या टोकांना टेप लावा. एक्स्चेंजकडची तार अजून जिवंत असेल, तर तिच्यावर ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि घंटी वाजताना त्याहून बराच जास्त एसी येतो. तो अडॅप्टरच्या एफएक्सएसवर उलटा गेला की पोर्ट जळतं. शिवाय जूनमधल्या विजा त्याच तारेने घरात येतात. आम्ही रोझेट उघडला, दोन्ही स्क्रू सैल केले, तारा बाहेर ओढल्या. पाच मिनिटांचं काम. आणि फोनची छोटी पिन नेटवर्कच्या मोठ्या खाचेतही जाते, पण तिने कडेचे पत्रे वाकतात, तेव्हा कुठली पिन कुठे ते आधी बघून घ्या.

१२ जूनला सगळं जोडलं. रिसीव्हर उचलला तर डायल टोन आला! खूप आनंद झाला, आणि तो चुकीचा होता. डायल टोन अडॅप्टर स्वतः तयार करतो. काही डबे रजिस्ट्रेशन, म्हणजे सर्व्हरकडे आपली नोंद, झाल्यावरच टोन देतात, काही नेहमीच देतात. त्यामुळे टोनवरून काहीच ठरत नाही. खरी स्थिती डब्याच्या स्टेटस पानावर कळते, तिथे 'रजिस्टर्ड' किंवा 'नॉट रजिस्टर्ड' असं लिहिलेलं असतं. ते पान उघडायला डब्याचा आयपी पत्ता लागतो. ग्रँडस्ट्रीमच्या डब्यांवर जोडलेल्या फोनवरून *** आणि मग ०२ दाबलं की पत्ता ऐकू येतो. लिंकसिस किंवा सिस्कोच्या जुन्या डब्यांवर  **** आणि मग ११०#. नाहीतर राउटरच्या डीएचसीपी यादीत (जोडलेल्या यंत्रांच्या पत्त्यांच्या यादीत) शोधायचा.

आमच्या पानावर 'नॉट रजिस्टर्ड' होतं. इथून पुढे मी एक चूक केली, एकदम चार सेटिंग बदलल्या. त्याने काय बिघडलं आणि काय सुधारलं हे कळेनासं झालं. शेवटी डबा फॅक्टरी रीसेट केला आणि दुसऱ्या दिवशी नव्याने बसलो, एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदल वहीत.

पहिल्यांदा लॉग, म्हणजे डबा काय करतो याची नोंद, चालू केला. हे सगळ्यात उपयोगी पडलं. अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये सिसलॉग सर्व्हर (ही नोंद जिथे पाठवायची ते यंत्र) म्हणून घरच्या लॅपटॉपचा पत्ता टाकायचा, पातळी 'डीबग' ठेवायची, एसआयपी (इंटरनेट फोनच्या निरोपांची पद्धत) लॉग पाठवण्याचा पर्याय असेल तर तोही 'येस' करायचा. लॅपटॉपवर सिसलॉग घेणारा कुठलाही मोफत प्रोग्रॅम चालतो. मात्र त्याच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ५१४ मोकळं करावं लागतं, नाहीतर पडदा कोराच राहतो.

लॉगमध्ये फक्त तीनपैकी काय घडतंय ते बघायचं. निरोप घरातून निघालाच नाही, निघाला पण उत्तर आलं नाही, की उत्तर आलं आणि ते नकाराचं होतं. तिन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

आमचा निरोप निघतच नव्हता. लॉगमध्ये 'रजिस्टर' हा शब्दही नव्हता, नुसती नाव सापडत नसल्याची ओळ पुन्हा पुन्हा. म्हणजे डीएनएस. सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता काढता येत नव्हता. कारण घरातच होतं: इंटरनेट वेगात चालावं म्हणून वर्षभरापूर्वी मी राउटरमध्ये गूगलचा ८.८.८.८ टाकला होता. आपल्या व्हॉइस सर्व्हरचं नाव सेवा देणाऱ्याने फक्त स्वतःच्या डीएनएसमध्ये ठेवलेलं असू शकतं. बाहेरच्या डीएनएसला ते ठाऊक नसतं. वेबसाइट सगळ्या उघडतात, म्हणून शंका येत नाही. राउटरमधला डीएनएस 'ऑटोमॅटिक' केला आणि नाव सापडलं. घरातल्या बाकीच्यांसाठी ८.८.८.८ हवाच असेल, तर एकट्या अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये सेवा देणाऱ्याचा डीएनएस हाताने भरता येतो. तरीही नाव सापडत नसेल तर डीएनएस मोड बघा: काही डोमेनला साधा 'ए' रेकॉर्ड नसतो, 'एसआरव्ही' असतो, आणि अडॅप्टरला तसं सांगावं लागतं.

१३ जूनच्या संध्याकाळपासून निरोप जाऊ लागला, पण उत्तर येईना. लॉगमध्ये 'रजिस्टर' गेल्याच्या ओळी, थोडं थांबून पुन्हा तेच, आणि शेवटी ४०८, म्हणजे वाट बघून सोडलं. असं झालं की मधल्या यंत्रांवर संशय घ्यायचा. आमच्याकडे दोन होती, फायबरचा डबा आणि त्यामागे आमचा राउटर. राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन' पत्ता, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, घरगुती पत्त्यासारखा १९२.१६८ने सुरू होत होता. म्हणजे फायबरचा डबाही राउटरसारखाच वागत होता आणि पत्त्यांची अदलाबदल दोनदा होत होती. अडॅप्टर काढून थेट फायबरच्या डब्याला लावला. तरीही उत्तर नाही, पण शोधण्याची जागा एकाने कमी झाली.

इथे गुन्हेगार होता 'एसआयपी एएलजी'. ही राउटरमधली सोय आहे. इंटरनेट फोनच्या निरोपात अडॅप्टर स्वतःचा घरगुती पत्ता लिहितो, आणि ही सोय तो वाटेत बदलून बाहेरचा पत्ता टाकते. हेतू चांगला असला तरी कित्येक राउटरमध्ये ते काम अर्धवट होतं, आणि सर्व्हर असा मोडका निरोप टाकून देतो किंवा उत्तर भलत्याच पोर्टवर पाठवतो. अडॅप्टरचं स्वतःचं पोर्ट बदलून सहसा फरक पडत नाही, कारण राउटर सर्व्हरच्या ५०६०कडे जाणारी वाहतूक बघून हात घालतो. सेवा देणारा टीएलएस देत असेल (पोर्ट ५०६१) तर राउटरला निरोप वाचताच येत नाही आणि प्रश्न मिटतो. मात्र तेव्हा अडॅप्टरचं घड्याळ बरोबर हवं, नाहीतर सर्टिफिकेट नाकारलं जातं. आमच्याकडे यूडीपीच होतं. एएलजीचं बटण फायबरच्या डब्याच्या ॲडमिन पानावर होतं आणि तिथला पासवर्ड आमच्याकडे नव्हता. तक्रार नोंदवून दोन दिवस थांबलो. १५ जूनला माणसाने येऊन ते बंद केलं आणि निघू लागला. त्याला थांबवून डबा बंद-चालू करायला लावला, कारण जुन्या जोडण्या डब्याच्या आठवणीत राहतात आणि नुसतं बटण बदलून त्या पुसल्या जात नाहीत. चालू झाल्यावर तीन मिनिटांत लॉगमध्ये पहिलं उत्तर दिसलं.

ते उत्तर होतं ४०१, 'अनऑथोराइज्ड'. हे बघून पुष्कळ जण घाबरतात. पहिलं ४०१ ही चूक नाही, ती नेहमीची पद्धत आहे. अडॅप्टर पहिल्यांदा पासवर्डशिवाय हाक मारतो, सर्व्हर ४०१बरोबर एक 'नॉन्स', म्हणजे त्या वेळेपुरता आकडा पाठवतो, आणि अडॅप्टर पासवर्ड व तो आकडा मिसळून काढलेलं उत्तर परत पाठवतो. जुळलं तर २०० ओके. काळजी करायची ती दुसऱ्या फेरीत काय येतं याची. पुन्हा पुन्हा ४०१ आलं किंवा ४०३ आलं, तर आयडी, पासवर्ड किंवा खातं यात घोळ आहे. ४०४ म्हणजे त्या डोमेनवर असा नंबरच नाही. ४२३ म्हणजे रजिस्ट्रेशनची मुदत सर्व्हरला हवी त्यापेक्षा कमी ठेवली आहे. किमान किती हवी ते त्या उत्तरातच लिहिलेलं असतं.

आम्हाला ४०३ येत होतं. चिठ्ठीवर युजर आयडी ०२५३ने सुरू होत होता. १६ जूनला फोन केल्यावर कळलं की सर्व्हरवर तो +९१२५३ असा आहे, म्हणजे शून्य काढून आधी +९१, आणि ऑथेंटिकेशन आयडीत तेच सगळं लिहून पुढे ॲट आणि डोमेन. हे भरलं, तरी ४०३. मग पासवर्ड. चिठ्ठीवरचं एक अक्षर इंग्रजी मोठा 'ओ' आहे की शून्य, यावर आम्ही घरात दोन मतं घेऊन बसलो होतो. पुन्हा फोन केला तेव्हा शून्य निघालं.

तरीही ४०३. या ठिकाणी मी अक्षरशः हताश झालो. शेवटी कारण सापडलं ते ब्राउझरमध्ये. लॅपटॉपच्या ब्राउझरने अडॅप्टरचा ॲडमिन पासवर्ड लक्षात ठेवला होता. एसआयपीचं पान उघडलं की तो स्वतःहून पासवर्डच्या रकान्यात तोच भरून ठेवत होता, आणि मी दुसरं काहीतरी बदलून 'सेव्ह' दाबलं की खरा पासवर्ड पुसला जात होता. काळे ठिपके दिसतात म्हणून वाटतं की पासवर्ड आहे तसाच आहे. दुसऱ्या बाजूने, काही अडॅप्टरवर सेव्ह केल्यावर हा रकाना मुद्दाम रिकामा दाखवतात. तेव्हा तो रिकामा दिसला म्हणून घाबरायचं नाही. ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची, तिथे पासवर्ड भरायचा, आणि सेव्ह झाल्यावर 'अप्लाय' किंवा रीबूट करायचं. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर चार दिवस वाचले असते.

पण १७ जूनला बरोबर पासवर्ड भरूनही पुन्हा शांतता, उत्तरच नाही! आधी नकार येत होता, आता काहीच नाही. लक्षण असं बदललं तर समजायचं की आपल्या पत्त्यावर बंदी आली आहे. खूप वेळा चुकीचा पासवर्ड गेला की सर्व्हर काही वेळासाठी त्या पत्त्याकडून आलेलं काहीच ऐकत नाही. अशा वेळी प्रयत्न चालू ठेवले तर बंदी वाढत जाऊ शकते. अडॅप्टरची केबल काढून ठेवायची आणि ग्राहक सेवेला फोन करायचा. 'फोन चालत नाही' एवढंच सांगितलं तर ते राउटर बंद-चालू करायला सांगतात. त्यापेक्षा असं विचारा: आमच्या खात्यावर शेवटचा रजिस्ट्रेशनचा प्रयत्न किती वाजता, कुठल्या आयपीवरून दिसतो, त्याला कुठला कोड गेला, आणि खातं किंवा आयपी लॉक आहे का. मी हे प्रश्न जसेच्या तसे वाचून दाखवले, तेव्हा पहिल्यांदा माझा फोन तांत्रिक विभागाकडे गेला. तक्रारीचा डॉकेट नंबर प्रत्येक वेळी घ्या. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२च्या नियमांप्रमाणे तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपील विभागाकडे जाता येतं, आणि तिथे हाच नंबर मागतात.

१८ जूनला दुपारी बंदी उठली. तोवर मोबाइलवर लिनफोन हे ॲप टाकून ठेवलं होतं. घरच्याच वायफायवर त्यात तेच तपशील भरले आणि ते लगेच रजिस्टर झालं. म्हणजे खातं, आयडी, पासवर्ड सगळं ठीक. ही चाचणी फार मोलाची आहे, अडॅप्टर आणि खातं यांतला दोष त्याने वेगळा होतो. मोबाइल डेटावर करू नका, काही सर्व्हर फक्त स्वतःच्या नेटवर्कवरूनच ऐकतात. आणि चाचणी झाली की ॲपमधलं खातं काढून टाका, नाहीतर येणारा कॉल तिकडेच वाजतो. मग अडॅप्टरची केबल परत लावली. दिवा लागला, स्थिर हिरवा. मोबाइलवरून ०२५३चा नंबर फिरवला आणि हॉलमधला फोन वाजला.

दोन दिवसांनी पुण्याहून आत्याचा मोबाइलवर फोन आला, 'तुमचा लँडलाइन लागतच नाही.' स्टेटस पानावर 'रजिस्टर्ड' दिसत होतं, बाहेर जाणारे कॉल लागत होते, फक्त येणारे येत नव्हते. डबा बंद-चालू केला की दोन-तीन मिनिटं येत आणि मग थांबत. ही वेळच कारण सांगते. अडॅप्टर बाहेर बोलतो तेव्हा राउटर परतीसाठी एक दार उघडं ठेवतो. यूडीपीचं हे दार फार वेळ उघडं राहत नाही: लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये एकतर्फी वाहतुकीला साधारण ३० सेकंद, दुतर्फीला १२० किंवा १८० सेकंद. आमच्या रजिस्ट्रेशनची मुदत ६० मिनिटं होती. म्हणजे मधली सत्तावन्न मिनिटं सर्व्हर हाक मारतो आणि दार बंद असतं. उपाय म्हणजे 'कीप-अलाइव्ह' (दार उघडं राहावं म्हणून ठरावीक वेळाने छोटा निरोप पाठवणं) चालू करून २० सेकंद ठेवणं. एवढंच केलं आणि ते थांबलं.

मुदत भरताना एकक नक्की बघा. ग्रँडस्ट्रीमच्या डब्यात ती मिनिटांत भरायची असते, लिंकसिस-सिस्कोमध्ये सेकंदांत. कुठे तरी वाचलेलं ३६०० मिनिटांच्या रकान्यात टाकलं तर ते अडीच दिवस होतात. 'स्टन' (अडॅप्टरला स्वतःचा बाहेरचा पत्ता कळवणारी सोय) मात्र सेवा देणाऱ्याने सांगितल्याशिवाय चालू करू नका. आणि ५०६० पोर्ट राउटरमधून अडॅप्टरकडे फॉरवर्ड करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. रजिस्ट्रेशन घरातून बाहेर जातं, त्याला फॉरवर्डिंग लागत नाही. उलट उघडं पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम सापडल्या सापडल्या रात्री दोन वाजता फोन वाजवतात, पलीकडे कुणीच नसतं आणि नंबर १०० किंवा १००१ असा दिसतो. फायबरचा 'वॅन' पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तो अनेक घरांत वाटलेला असतो, तिथे फॉरवर्डिंगला अर्थच उरत नाही. कीप-अलाइव्ह मात्र तिथेही चालतं.

२६ जूनच्या पावसात लाइट गेली, तासाभराने आली, आणि फोन पुन्हा बंद. लाइट आल्यावर अडॅप्टर मिनिटाच्या आत उठतो, फायबरचा डबा त्यानंतर बराच वेळ घेतो. अडॅप्टर रिकाम्या रस्त्यावर हाका मारतो आणि हरतो. मग तो किती वेळाने पुन्हा प्रयत्न करतो हे सेटिंगवर आहे. सिस्कोच्या जुन्या डब्यात 'रेग रिट्राय लाँग' मुळात १,२०० सेकंद असतं, म्हणजे वीस मिनिटं. ते ६० करून ठेवा. आमच्या डब्यात ते २० सेकंदच होतं, तरी रजिस्टर होईना. याचं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. लाइन नव्याने जोडली गेली की बाहेरचा पत्ता बदलतो, पण काही राउटर जुन्या पत्त्याची जोडणी आठवणीत तशीच ठेवतात. अडॅप्टर दर वीस सेकंदांनी काहीतरी पाठवत राहतो, त्यामुळे ती चुकीची जोडणी कधी मरतच नाही. अडॅप्टर लगेच बंद-चालू करून उपयोग नाही, पाच मिनिटं बंद ठेवावा लागतो. आम्ही घड्याळ लावून पाच मिनिटं ठेवला, आणि लावल्याबरोबर हिरवा दिवा. 'रँडम एसआयपी पोर्ट' हा पर्याय असेल तर तोही चालू करा. मग प्रत्येक वेळी नवीन पोर्टने नवीन जोडणी होते.

२८ जूनला १,४५० रुपयांचा छोटा यूपीएस आणला, फायबरचा डबा आणि अडॅप्टर दोन्ही त्यावर. घेण्याआधी दोन्ही डब्यांच्या तळावरचं लेबल वाचा: एकाला १२ व्होल्ट आणि दुसऱ्याला ५ व्होल्ट लागू शकतं, पिन मात्र सारखी दिसू शकते. चुकीची पिन लावली तर डबा जातो. अडॅप्टर, यूपीएस, नेटवर्कची केबल १२० आणि फोनची कॉर्ड ५० धरून एकूण ४,७२० रुपये झाले. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजकडून वीज यायची, लाइट गेली तरी फोन चालायचा. आता यूपीएस संपला की फोनही बंद, त्यामुळे ११२साठी चार्ज केलेला मोबाइल जवळ ठेवतो.

त्याच संध्याकाळी मुद्दाम मेन स्विच पाडला, चाळीस मिनिटं थांबलो आणि अंधारात मोबाइलवरून नंबर फिरवला. वाजला. अडॅप्टरच्या तळाशी आता एक कागद चिकटवला आहे: सर्व्हर, +९१ने सुरू होणारा आयडी, डीएनएस ऑटोमॅटिक, एएलजी बंद, कीप-अलाइव्ह २०, मुदत ६० मिनिटं, आणि खाली ठळक अक्षरांत 'पाच मिनिटं बंद ठेवा'. पासवर्ड वहीत आहे, त्यातल्या शून्याला मधून रेघ मारून.